सृष्टी बघताना स्वर्ग आठवला, असं कधी झालंय?

वेलीखालची
काल बुधवारच्या बाजारात एका आजींच्या पाटीत फुटकी द्राक्षं होती. तो आंबूस वास आला आणि पप्पा आठवले.

मी नववीत होते. दिंडोरीकडे आमची बाग. काढणीला आठ दिवस उरलेले, व्यापाऱ्याशी भावही ठरलेला. दुपारी गारा आल्या, दहा-बारा मिनिटं, बस. दुसऱ्या दिवशी पप्पांच्या मागे बागेत गेले तर चिखलात मण्यांचा सडा, वर ठेचलेले घड, माशा घोंगावतायत. पप्पांनी शोधून एक शाबूत मणी तोडला, उन्हात धरला. आतल्या शिरा दिसत होत्या. मग माझ्या हातात दिला. "बघ, काय गोडी घातलीये त्याने." मला इतका राग आला! सोसायटीचं कर्ज डोक्यावर आणि हे गोडी बघतायत.

रात्री प्रार्थनेला त्यांनी बायबलमधला यशयाचा 65 वा अध्याय काढला. नवं आकाश, नवी पृथ्वी, आणि लोक द्राक्षमळे लावून त्यांची फळं स्वतः खातील, तो भाग. पुस्तक मिटून म्हणाले, "तिथेही बाग आहे. म्हणजे मला काम आहे."

पप्पांना जाऊन तीन वर्षं झाली. तुमचंही सांगा. उपदेश नको, घडलेलं सांगा.

निफाडचा भो
आठ दिवस राहिले असताना गारा... वाचूनच पोटात गोळा आला. द्राक्षाची जात कुठली, थॉमसन होती की सोनाका? बाकी नंतर लिहितो, लाईट आलीये, मोटर लावायचीये.

वसईची माय
पण प्रकटीकरण 21 मध्ये पहिल्याच वचनात समुद्र राहिला नाही असं आहे ना! दर फेब्रुवारीत बाल येशूच्या यात्रेला नाशिकरोडला येतो, बसमध्ये हाच वाद. सासूबाई म्हणायच्या, समुद्र नाही तर मासे नाहीत, मी काही येत नाही.

शरणपूर रोड
हा हा. लूक 24 दाखवा त्यांना. मरणातून उठल्यावर प्रभू येशूने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला.

वसईची माय
दाखवला असता हो. 2019 ला गेल्या. आता त्यांनाच जास्त माहिती.

पाणपक्षी
मी हिंदू आहे, चालेल ना? जानेवारीत नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात निघालो होतो, शेजारच्या काकू चर्चमधून परस्पर गाडीत बसल्या. धुकं निवळलं आणि चमचा पक्ष्यांचा अख्खा थवा उठला. काकूंच्या हातात दुर्बीण, पण डोळ्याला लावेचनात. म्हटलं, काकू बघा ना, जातील! तर म्हणाल्या, "थांब गं, आधी थँक्यू म्हणू दे." फोटो सगळे हललेले आलेत.

सरळ बोलतो
स्वर्ग आत्मिक आहे. द्राक्षं काय, मासे काय, काय लावलंय?

शरणपूर रोड
दादा, रोमकरांस 8 वाचा. सगळी सृष्टी कण्हत सुटकेची वाट बघतेय. टाकूनच द्यायची असती तर वाट कशाची बघेल?

सरळ बोलतो
वाचतो. पण माशाचं पटलं नाही.

जलालपूरकर
अनुभव वगैरे नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं माहेर आमच्या गावचं, एवढं सांगायचं होतं. त्यांच्या यजमानांना, रेव्हरंड टिळकांना, फुलामुलांचे कवी म्हणतात, या धाग्यात ते रमले असते. चला, पोरांचे डबे भरायचेत.

बुचाचं झाड
दवाखान्यात आईची खाट खिडकीशी होती. बाहेर बुचाचं झाड, पहाटे खाली पांढरा सडा. आया येता-जाता दोन फुलं आणून उशाशी ठेवायच्या. तिसऱ्या किमोनंतर आईने विचारलं, "तिथे पाऊस असेल का गं? पहिल्या पावसाचा वास?" मी हो म्हणून टाकलं. तेव्हापासून वचन शोधतेय. कुणाला सापडलं तर सांगा.

वेलीखालची
अगं... जवळ घेते तुला. नदी आहे, प्रकटीकरण 22. पावसाचं मलाही सापडलं नाही.

निफाडचा भो
आलो. मोटर चालली नाही, ते जाऊ द्या. बुचताई, बाग आहे म्हटल्यावर पाऊस लागणारच की. गारा तेवढ्या नकोत.
आणि वेलीखालची ताई, थॉमसन की सोनाका, सांगितलं नाही तुम्ही.

वेलीखालची
सोनाका.