पुष्करचं सरोवर खरंच कोरडं पडलं होतं का?

मिरजकर_कन्या:
आईला कार्तिक पौर्णिमेला पुष्करला न्यायचं चाललंय, तर शेजारचे काका म्हणाले आम्ही गेलो तेव्हा तळ्यात टिपूस नव्हता, सिमेंटच्या हौदात आंघोळी केल्या. बावन्न घाटांचं एवढं मोठं सरोवर आटतं कसं? आता पाणी असतं का? आई म्हणते हौदातच बुडायचं तर घरची बादली काय वाईट 😄

उंटावरचा_शहाणा:
काका २००९ चं सांगत असणार. तलाव संवर्धन योजनेत आदल्या वर्षी ४८ कोटी मंजूर झालेले, गाळ काढायचा म्हणून तळं रिकामं करून खोदकाम चालू केलं, हिशेब असा की पावसाळ्यात भरेलच. नेमका त्याच वर्षी देशभर पावसाने दगा दिला, मग मेळ्याला ट्यूबवेलचं पाणी सोडून हौद. खापर फोडलं दुष्काळावर!

आडवाटेचा_वाटसरू:
गाळ काढणं चूक नव्हतं ओ. अरवलीवरची झाडं गेली, त्यामुळे पाऊस आला की माती आणि आजूबाजूची वाळू ओढ्यांतून सरळ सरोवरात, काढला नसता तर उथळच होत गेलं असतं. पण अख्खं तळं एकाच वर्षी उघडं पाडायला कुणी सांगितलं होतं? टप्प्याटप्प्याने करता आलं असतं. शिवाय बोअर. हॉटेलं, गुलाबाची शेती, सगळं भूजलावर, ते खाली गेलं की वर साठलेलं पाणीही जिरणारच.

पंचवटीकर:
राजस्थानला कशाला जाताय, २०१६ चा गुढीपाडवा आठवा. नाशिकचं रामकुंड कोरडंठाक, टँकरने पाणी आणून ओतलं. आमच्याकडे तर गोदावरीच्या पात्रात काँक्रीट, खालचे झरे वर येणार कुठून? ते काढा म्हणून लोक हायकोर्टात गेले तरी चाल कासवाचीच.

उंटावरचा_शहाणा:
@मिरजकर_कन्या तिकीट काढा पण परत घेता येईल असं, सरोवर बरंचसं पावसावरच आहे तेव्हा सप्टेंबरपर्यंत अजमेरकडे किती झाला ते बघा. एकादशी ते पौर्णिमा तुफान गर्दी असते, आईंचे गुडघे कसे आहेत? दोन दिवस आधी गेलात तर बरं. चपला घाटापासून लांब काढायच्या, आणि कुणी हातात फूल ठेवून मंत्र सुरू केले तर दक्षिणा आधी ठरवा.