मदत हवी आहे: शनिवारचा डेंटल क्लब, डॉक्टर ऐन वेळी नाही म्हणाले, १४ जणांना घेऊन कुठे जायचं?

कात्री_कागद (बुधवार, रात्री १०:४२)
अर्जंट आहे. शनिवारी ११ वाजता आमच्या डेंटल क्लबला क्लिनिक बघायला जायचं होतं. डॉक्टर तीन आठवड्यांपूर्वी हो म्हणाले होते, आज फोनवर म्हणतात १४ जण जमणार नाहीत. मॅडम आधीच वैतागल्यात. ह्या वेळी काही झालं नाही तर शनिवारची खोली काढून घेणार. ठाण्यात कोणाच्या ओळखीचं आहे का, जे तासभर आत घेतील? नौपाड्याजवळ असेल तर बरं, नाहीतर कुठेही चालेल. आयकार्ड सगळ्यांकडे आहेत.
पीपीटी सुचवू नका प्लीज. मागच्या वेळी पीपीटीच झाली, अर्धे पंख्याखाली झोपले.
आणि बरणीचं काय करायचं तेही सांगा. ती सध्या माझ्या घरी आहे, आईला कळलं तर संपलं.

डेंटोबा (रात्री ११:०५)
कोणत्या वर्षाला आहात? थर्ड इयरपासून क्लिनिकल पोस्टिंग असतं की. स्वतःच्या कॉलेजची ओपीडी सोडून बाहेरच्या क्लिनिकमध्ये १४ जण कशाला? विभागप्रमुखांचं पत्र घ्या, विषय संपला. (ठाण्यातच २१ वर्षं प्रॅक्टिस.)

पामबीच (रात्री ११:२०)
सरळ नवी मुंबईत या. नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वायएमटी, कामोठ्याला एमजीएम. पाच-पाच डेंटल कॉलेजं आहेत. ठाण्याहून नेरुळला ट्रान्सहार्बरची थेट गाडी आहे. माझी कवळी ह्यांच्यातल्याच एका ठिकाणी शिकाऊ मुलीने केली. आठ खेपा घालायला लावल्या पोरीने, पण आज सहा वर्षं झाली, चिक्की खातो.

कुणीही_नाही (रात्री ११:२४)
बरणी कसली??

कात्री_कागद (रात्री ११:३१)
ओपीडी नाहीये हो आमच्याकडे. लॅब आहे पण ती केमिस्ट्रीची. @डेंटोबा, कोणतं वर्ष म्हणजे पहिलंच. बरणी दातांची, अजून कसली असणार.

मीठभाकर (रात्री ११:४०)
एक मिनिट. केमिस्ट्रीची लॅब, मॅडम, आयकार्ड, आईला कळलं तर संपलं. दादा, तू अकरावीला आहेस का?

कात्री_कागद (रात्री ११:४३)
हो मग. क्लब अकरावी-बारावीचाच आहे. ज्यांना पुढे डेंटिस्ट व्हायचंय त्यांचा. मला वाटलं कळलं असेल. मॅडम म्हणजे बायोच्या. आणि मी मुलगी आहे.

डेंटोबा (रात्री ११:५२)
अगं बाई, हे पहिल्या ओळीत लिहायचं ना! मी तुला विभागप्रमुखांकडे पाठवून मोकळा झालो. उद्या दुपारी पेशंटच्या मधल्या वेळेत नीट लिहितो.

कळव्याचा_काका (गुरुवार, सकाळी ७:१५)
सगळे पोरीला हरभऱ्याच्या झाडावर चढवतायत, खरं कुणी बोलत नाही. आमच्या रस्त्यावर औषधाची दुकानं दोन आणि दातांचे दवाखाने चार. प्रायव्हेट बीडीएसची फी लाखांत, चार वर्षं शिका, एक वर्ष इंटर्नशिप करा आणि मग दुसऱ्याच्या खुर्चीवर पगारी बसा. क्लब कसले काढता? नीटला १८० प्रश्न, त्यातले ९० बायोलॉजीचे. शनिवारी त्या खोलीत सगळ्यांना पेपर सोडवायला बसव, मॅडमही खूश होतील.

दाढ_दुखरी (सकाळी ८:०२)
काका, ती स्कोप विचारत नाहीये, शनिवारी काय करू विचारतेय.
मी सध्या इंटर्न आहे. आमच्या बॅचमधल्या निम्म्याहून जास्त जणांनी एमबीबीएस हुकलं म्हणून बीडीएस घेतलं. पहिल्या वर्षी दात कोरायला हातात मेणाचा ठोकळा आला तेव्हा त्यांना समजलं की हे हातकाम आहे. काहींना आवडलं, काही अजून रडतायत. हे अकरावीतच एका शनिवारी समजलं तर वाईट काय?

कळव्याचा_काका (सकाळी ८:१०)
हातकामच करायचं तर आयटीआय आहे.

दाढ_दुखरी (सकाळी ८:११)
तुमची दाढ दुखेल तेव्हा फिटरकडे जा हं. (हलके घ्या.)

ओंटारिओकर (सकाळी ९:३०)
इकडे कॅनडात प्री-डेंटल क्लब सर्रास असतात. आधी काही वर्षं युनिव्हर्सिटी, मग डेंटल स्कूल. मुलं दवाखान्यात डॉक्टरांच्या मागे उभी राहून बघतात, त्याला शॅडोइंग म्हणतात. त्याचे तास वहीत टिपून अर्जात दाखवतात. तुम्हीही पहिल्या दिवसापासून तास टिपा, तारीख आणि डॉक्टरांच्या सहीसकट. आमच्या मुलीच्या वेळी प्रवेश परीक्षेत साबण कोरायचा पेपर होता! घरी खोकंभर साबण आले होते, महिनाभर बाथरूममध्ये भुगाच भुगा.

मीठभाकर (सकाळी ९:४१)
काका, नीटमध्ये तासांना मार्क नसतात हो. ७२० पैकी काय ते पेपरात.

कात्री_कागद (सकाळी १०:०५, ब्रेकमध्ये)
आंघोळीचा साबण????

बाभूळ (सकाळी १०:५०)
वय वर्षे ६३. आयुष्यात पेस्ट लावली नाही. रोज बाभळीची काडी, रात्री मीठ-तेल. एकही दात किडलेला नाही. मुलांना हे शिकवा, डेंटिस्ट लागणारच नाहीत.

पामबीच (सकाळी ११:००)
मीही काडीच वापरायचो. कवळीचं वर लिहिलंच आहे.

डेंटोबा (दुपारी २:४०)
लिहितो म्हणालो होतो, लिहितो.

आधी त्या डॉक्टरांची बाजू. माझी खोली दहा बाय दहाची. त्यात खुर्ची, मी, असिस्टंट, पेशंट आणि पेशंटची आई. एअरोटर, म्हणजे दात कोरायचं ड्रिल, मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतो. त्याने पाणी आणि थुंकी दोन्ही हवेत उडतं. तिथे १४ पोरं उभी करायची कुठे? आणि तोंड उघडून पडलेल्या माणसाला कुणी विचारलंय का, की १४ अनोळखी पोरं बघतायत, चालेल ना? तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी आकडा विचारला नसणार आणि तू सांगितला नसणार. बरोबर?

म्हणून त्यांना परत फोन कर आणि वेगळं माग. दोन-दोन जण, पेशंट नसतानाची वेळ, पालकांची सही आणि मॅडमचं पत्र. पेशंटकडे बघायचंच नाही, अवजारांकडे बघायचं: वापरलेलं अवजार धुऊन, पाकिटात बंद होऊन, ऑटोक्लेव्हमधून (वाफेच्या दाबाने जंतू मारणारा डबा) बाहेर कसं येतं ते. दवाखान्याचं निम्मं काम त्या डब्यातच असतं. फोटो काढायचे नाहीत, हे तू आधी सांग, त्यांनी सांगायची वाट बघू नकोस.

हे ह्या शनिवारी होणार नाही. ह्या शनिवारी साबण. ओंटारिओकरांनी सहज लिहिलं, पण तेच कर. फर्स्ट इयरला सहसा वरचा समोरचा पटाशीचा दात आधी कोरायला देतात. पुस्तकातली मापं: वरचा दिसणारा भाग साडेदहा मिलिमीटर, मूळ तेरा, रुंदी साडेआठ, जाडी सात. सगळ्याची दुप्पट घ्या, म्हणजे २१, २६, १७ आणि १४. साबणाची वडी उभी कापली की दोन दात होतात, १४ जणांना सात वड्या. जुनी वाळकी वडी घेऊ नका, ढलप्या निघतात. आधी पेन्सिलने समोरून आणि बाजूने आकृती, मगच कोरायचं. जाड कामाला लोणी लावायची सुरी, बारीक कामाला सरळ केलेली पेपरक्लिप. कटर नको, रक्त निघालं की मॅडम क्लबच बंद करतील.

सगळी गंमत कोपऱ्यांत आहे. ह्या दाताचा नाकाच्या रेषेकडचा कोपरा टोकदार असतो, गालाकडचा गोलसर. हे चुकलं की उजवा दात डावा होतो. फर्स्ट इयरला माझा झाला होता. सरांनी काही न बोलता तो माझ्या खिशात टाकला.

दाढ_दुखरी (दुपारी ३:०५)
सर, साबण म्हणजे फसवणूक आहे. मऊ असतो, चूक झाली की ओला हात फिरवून सारवता येते. मेणाचे ठोकळे आणि लेक्रॉन कार्व्हर (मेण कोरायचं छोटं अवजार) डेंटल मटेरियलच्या दुकानात मिळतात. खरं काय ते मेणावरच कळतं.

डेंटोबा (दुपारी ३:२०)
पोरं अकरावीची आहेत, वर्गणी कुठून आणणार? साबणावर हात बसू दे, मेण पाच वर्षं आहेच.

दाढ_दुखरी (दुपारी ३:२२)
चार, सर. इंटर्नशिपला कुणी मेण कोरत नाही.

डेंटोबा (दुपारी ३:२३)
हरलो.

मीठभाकर (दुपारी ४:००)
वेळ उरला तर आरसा वापर. कागदावर चांदणी काढायची, समोर छोटा आरसा, हात पुठ्ठ्याने झाकायचा आणि फक्त आरशात बघून चांदणी गिरवायची. माझी बहीण डेंटिस्ट आहे, तिने घरातल्या सगळ्यांकडून करून घेतलंय. वरच्या दाढांचं काम त्यांना आरशात बघूनच करावं लागतं. बाबा तर दुसऱ्याच रेषेला अडकले आणि पेन आपटून उठले.

कुणीही_नाही (दुपारी ४:०२)
बरणी!! कुणीतरी बरणीबद्दल बोला.

कात्री_कागद (संध्याकाळी ५:३०)
साबण भारी आहे. आकडा खरंच सांगितला नव्हता, 'आमचा क्लब' म्हटलं होतं.
बरणी मामांच्या ओळखीच्या एका कंपाउंडरकाकांनी दिली. काढलेले दात आहेत, तीसेक असतील. हॉर्लिक्सच्या बरणीत पाणी घालून ठेवलेत. पाणी जरा ढगाळ झालंय. मला शनिवारी सगळ्यांना हातात द्यायचे होते.

डेंटोबा (संध्याकाळी ५:४१)
उघडू नकोस. आत्ता झाकण घट्ट लाव, वर पिशवी बांध, हात साबणाने धू. कोरायच्या नाही, साध्या.

दाढ_दुखरी (संध्याकाळी ५:५०)
सर म्हणतायत ते ऐक. नुसत्या पाण्यात दात निर्जंतुक होत नाहीत, आतल्या पोकळीत रक्त आणि पेशी राहतात. पेशंट घरी नेत नसेल तर काढलेला दात दवाखान्याच्या पिवळ्या पिशवीत जातो, २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे. शिकायला वापरायचे तर आधी ऑटोक्लेव्ह. त्यातही चांदी भरलेले दात वेगळे काढायचे, ते ऑटोक्लेव्हमध्ये टाकायचे नाहीत. चांदीत पारा असतो, तापवला की वाफ होते. ते आम्ही दोन आठवडे फॉर्मालिनमध्ये ठेवतो. तू ह्यातलं काहीही घरी करायचं नाहीस, ब्लीचही नाही. आणि कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही. जिथून आली तिथे परत दे.

कळव्याचा_काका (संध्याकाळी ६:१५)
हे मात्र बरोबर सांगितलं. आमच्या वेळी चाळीत पडलेला दात कौलावर फेकायचे, तेवढंच आम्हाला माहीत.

बाभूळ (संध्याकाळी ६:४०)
कौलावर टाकताना चिमणीला म्हणायचं असतं. आता कौलंही नाहीत, चिमण्याही नाहीत.

पामबीच (संध्याकाळी ६:५५)
चिमण्या आहेत. वाशीच्या मिनी सीशोअरला सकाळी या.

*(चिमण्यांवरचे पुढचे अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. – व्यवस्थापक)*

कात्री_कागद (रविवार, दुपारी १२:१०)
झालं!! १४ पैकी ९ आले. दोघांची क्लासची टेस्ट होती, तिघं पावसात घोडबंदरला अडकले. साबण कोरायला पाऊण तास धरला होता, दोन तास लागले आणि कुणी उठेना. चौघांचे दात मानेशी तुटले. आता कळलं, आम्ही मूळ आधी बारीक केलं आणि मग वरचा भाग कोरायला तिथेच धरलं. माझा उजवा दात डावाच झाला, @डेंटोबा. मॅडम लांबून बघत होत्या, मग म्हणाल्या आण एक वडी. त्यांचा सगळ्यात चांगला झाला, तो त्यांनी स्टाफरूममध्ये नेला. खोली राहिली.
आरशातली चांदणी एकालाच जमली. तो क्लबमध्ये नाहीये, पंखा दुरुस्त करायला आलेला दादा होता.
डॉक्टरांना फोन केला, तुम्ही सांगितलं तसंच म्हटलं. बुधवारी दुपारी तीनला दोघं या म्हणाले. चिठ्ठ्या टाकल्या, माझं नाव नाही आलं.

दाढ_दुखरी (दुपारी १२:३०)
पुढच्या वेळी आधी वरचा भाग पूर्ण करा, मूळ शेवटी. आणि मेण आणा!

कळव्याचा_काका (दुपारी १२:४५)
छान झालं. आता पेपर सोडवायला बसा. पुतणीला ह्या धाग्याची लिंक पाठवली आहे, दहावीला आहे.

कुणीही_नाही (दुपारी १:००)
आणि बरणी?

कात्री_कागद (दुपारी १:०४)
शुक्रवारी कंपाउंडरकाकांना परत दिली, बरणीसकट. आई दोन दिवस ती शोधतेय.