मदत हवी आहे: पक्षाचं हवामान-ऊर्जा धोरण खरं की कागदी, कसं ओळखायचं?

रानवाट
परवा अभ्यासगटात बोलायचंय आणि मी पार अडकलेय. जाहीरनाम्यातली हवामान आणि ऊर्जेची अकरा पानं तीनदा वाचली. उत्सर्जन ४५ टक्क्यांनी कमी करणार, ५० गिगावॅट सौरऊर्जा उभारणार, २०५० पर्यंत नेट झीरो, म्हणजे जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषण. हे पुरेसं आहे की नाही, ते कशाशी ताडून बघायचं? 'गूगल करा' सांगू नका, दोन रात्री तेच केलंय. जाणकारांनी लवकर सांगा.

हिशोबी
४५ टक्के कोणत्या वर्षाच्या तुलनेत? कधीपर्यंत? पक्ष सत्तेत आहे की विरोधात?

रानवाट
२०३५ पर्यंत. सध्या विरोधात, आधी सत्तेत होता. तुलनेच्या वर्षानं एवढा काय फरक पडतो?

हिशोबी
सगळा फरक तिथेच पडतो. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-शास्त्रज्ञांच्या मंडळाच्या २०१८ च्या अहवालात तापमानवाढ १.५ अंशांपर्यंत रोखण्यासाठी कार्बन डायऑक्साइडमध्ये सुमारे ४५ टक्के घट सांगितली होती. पण ती साऱ्या जगाची मिळून, २०१० च्या पातळीपासून आणि २०३० पर्यंत. उत्सर्जन सर्वांत जास्त होतं ते वर्ष आधाराला धरलं, तर बरीचशी घट आधीच होऊन गेलेली असते. तळटीपा वाचा.

अणुरेणू
ताई, एकच बघा, अणुऊर्जेबद्दल काय म्हणतात. त्यावर मौन असेल तर बाकी पानं वाचायची गरज नाही. जर्मनीनं एप्रिल २०२३ मध्ये शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, तेव्हा कोळशाचे प्रकल्प चालूच होते. याला हवामान धोरण म्हणायचं?

उत्तररात्र
अणुरेणू, चालू भट्टी बंद करू नये इथपर्यंत सहमत. पण नवी भट्टी हा २०३५ चा उपाय नाही. फिनलंडच्या ओल्किलुओटो-३ चं बांधकाम २००५ ला सुरू झालं आणि नियमित वीज मिळाली २०२३ ला.

अणुरेणू
एका उदाहरणावरून सगळं मोडीत काढू नका. म्हणून आजही सुरू करायची नाही का?

मोहर
मी गेल्या वर्षी छतावर पॅनेल बसवले. इन्व्हर्टर सावलीत लावा, आणि पॅनेल सकाळी गार असतानाच धुवा. भर उन्हात तापलेल्या काचेवर पाणी मारू नका.

रानवाट
मोहर, मला पॅनेल बसवायचे नाहीत. ५० गिगावॅट म्हणजे जास्त की कमी, एवढं तरी कुणी सांगेल का?

हिशोबी
गिगावॅट ही क्षमता आहे, वीज नव्हे. १ किलोवॅट सौर, वर्षभरात पूर्ण क्षमतेच्या २० टक्के वापर धरला तर वर्षाला १,७५२ युनिट देतं. अणुभट्टीचा ९० टक्के धरला तर तेवढीच क्षमता ७,८८४ देते. त्यामुळे युनिट किती ते विचारा. शिवाय जगाच्या अंतिम ऊर्जावापरात वीज साधारण एक पंचमांश. वाहतूक, सिमेंट, पोलाद यांवर किती पानं आहेत?

रानवाट
वाहतुकीवर अर्धं पान. सिमेंट-पोलाद शब्दच नाहीत.

तारवाला
मी बारा वर्षं पारेषणात, म्हणजे वीज वाहून नेण्याच्या कामात काढली, म्हणून सांगतो. वाहिन्या आणि साठवण यांचं पान आधी उघडा. आमच्याकडे सौर प्रकल्प वेळेत उभा राहिला, पण वाहिनी रखडली. लख्ख दुपारी विजेची मागणी-पुरवठा जुळवणाऱ्या भारप्रेषण केंद्रातून फोन यायचा, उत्पादन खाली आणा. पॅनेल तापत होते आणि मीटरवरचा आकडा आम्ही स्वतःच्या हातानं उतरवत होतो. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

रानवाट
वाहिन्यांवर एक वाक्य आहे, 'सक्षम जाळे उभारू'. आणि हिशोबी, तळटीप सापडली. ४५ टक्के घट 'जीडीपीच्या प्रति एकक'. म्हणजे?

हिशोबी
म्हणजे ती एकूण उत्सर्जनाची नाही, उत्सर्जन-तीव्रतेची, म्हणजे दर रुपयाच्या उत्पादनामागच्या उत्सर्जनाची घट आहे. अर्थव्यवस्था वर्षाला ६ टक्क्यांनी वाढली तर १२ वर्षांत दुप्पट होते. ४५ टक्के घटून तीव्रता उरते ०.५५, दुप्पट गुणिले ०.५५ म्हणजे १.१. वचन तंतोतंत पाळूनही एकूण उत्सर्जन १० टक्क्यांनी वाढलेलं असेल.

उत्तररात्र
अर्थव्यवस्था लहान असलेल्या देशानं तीव्रतेचं लक्ष्य ठेवणं गैर नाही, पण ते तसं ठळक अक्षरात सांगायला हवं. आणि २०५० च्या वचनाला मधले टप्पे आहेत का? ब्रिटनच्या २००८ च्या कायद्यात दर पाच वर्षांचं कार्बन बजेट, म्हणजे उत्सर्जनाची कमाल मर्यादा आहे, वर स्वतंत्र समितीची देखरेख. सत्ता बदलली तरी कायदा उरतो. या पक्षानं सत्तेत असताना इंधन अनुदानाचं काय केलं, तेही काढा.

अणुरेणू
अणुऊर्जेचं अजून कुणी सांगितलं नाही.

रानवाट
अणुऊर्जेवर एक ओळ, 'सर्व पर्याय खुले'. मधले टप्पे नाहीत. आणि आत्ताच सापडलं, सत्तेतल्या शेवटच्या अर्थसंकल्पात यांनीच डिझेलचं अनुदान वाढवलं होतं. हे आधी सांगू की तळटीप?

हिशोबी
तळटीप. फळ्यावर २ × ०.५५ लिहा आणि उत्तर त्यांनाच काढू द्या.