एवढी फी भरून एका ट्रान्स्क्रिप्टसाठी दीड महिना, माझीच अपेक्षा जास्त आहे का?

लातूरचा_पोरगा
नमस्कार मंडळी, मी पुण्याजवळच्या एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत बीटेक लास्ट इयरला आहे, नाव नाही घेत. जर्मनीत मास्टर्सला अप्लाय करायचंय, विंटर सेमिस्टरची डेडलाइन बऱ्याच ठिकाणी १५ जुलै, त्याआधी एपीएस (जर्मनीसाठी लागणारं, आपली कागदपत्रं तपासल्याचं सर्टिफिकेट) करून घ्यायचंय आणि इथे ट्रान्स्क्रिप्टचा (सगळ्या सेमिस्टरच्या मार्कांचा अधिकृत कागद) अर्ज करून दीड महिना झाला. एक्झाम सेक्शन म्हणतं नो ड्यूज आणा, अकाउंट्सवाले म्हणतात सिस्टीममध्ये तुझी फी दिसत नाही, पावती दाखवली तरी सोमवारी या. शिकवणं चांगलंय, लॅब पण मस्त, ते खोटं नाही बोलणार. पण बाबांनी लोन काढून फी भरलीये ओ, निदान कागद तरी वेळेत मिळावा ना?

चिंचवडची_ताई
अजिबात जास्त नाही रे. आधी एक सांग, सगळं तोंडी चाललंय ना? लेखी अर्ज दे, इनवर्डला पोच घे. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायलाच लागते, प्रायव्हेट असलं तरी, आणि तिने १५ कामाच्या दिवसांत रिपोर्ट द्यायचा असतो. पटलं नाही तर पुढे विद्यापीठाच्या विद्यार्थी लोकपालकडे अपील. यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर पण तक्रार टाकता येते. माझ्या भावाची अडकलेली मार्कशीट लेखी दिल्यावरच हलली.

ऑफिसातला_माणूस
मी अशाच एका ठिकाणी एक्झाम सेक्शनला सहा वर्षं काढलीत. मे-जून आला की आमच्यातले निम्मे लोक अॅडमिशन डेस्कवर बसवतात, नवीन पोरांना चहापाणी, कॅम्पस टूर सगळं, आणि जुन्या पोरांच्या फायली एकट्याच्या टेबलावर. त्या क्लार्कवर चिडू नको दादा, पण अर्जात डेडलाइनची तारीख ठळक लिही आणि कुलसचिवांना कॉपी टाक, तारीख दिसली की फाईल वर येते.

एक_आई
आमचं दुखणं वेगळं, पण सांगतेच. मुलींना फीमाफीचा २०२४ चा शासन निर्णय खाजगी स्वयंअर्थसहाय्यित आणि अभिमत विद्यापीठांना लागूच नाही, हे आम्हाला काउन्सिलिंगला कोणी म्हणजे कोणीच बोललं नाही, उलट "स्कॉलरशिप होऊन जाईल मॅडम" म्हणाले. सगळे कागद जमवले आणि मग कळलं. जागा भरताना खरं सांगणं ही पहिली सर्विस आहे असं मला वाटतं, वायफाय आणि मेस नंतर. मुलीला तिथलं शिक्षण आवडलंय म्हणून गप्प बसलोय.

लातूरचा_पोरगा
ताई, दादा, काकू, थँक्यू सगळ्यांना. आत्ताच अर्ज टाइप केला, फी पावतीची झेरॉक्स लावलीये, उद्या दहाला इनवर्ड उघडलं की देतो. एपीएसला सध्या किती आठवडे लागतायत, यंदा कोणी केलंय का?