मदत हवी आहे: ट्रॉल्यांची चाकं दारातच अडकतात, आणि ट्रॉल्या तरीही चोरीला जातात

घाईत_आहे:
नमस्कार मंडळी. वेळ नाही, थेट विचारतो. एका सुपरमार्केटची रोजची व्यवस्था माझ्याकडे आहे. ट्रॉल्या पळवल्या जातात म्हणून दोन वर्षांपूर्वी दुकानाच्या हद्दीवर आपोआप लॉक होणारी चाकं बसवली. छान चाललं होतं. गेले तीन आठवडे भरलेल्या ट्रॉल्या मुख्य दारातून बाहेर पडल्या की दहा पावलांत जाम. गिऱ्हाईक वैतागतं, मागे रांग लागते, आमची मुलं रिमोट घेऊन धावतात. आणि एवढं करून मागच्या फाटकातून याच तीन आठवड्यांत अकरा ट्रॉल्या गेल्या! कंपनीचा माणूस पुढच्या महिन्यात येणार म्हणतो. सगळी चाकं बदलून टाकू का? लवकर सांगा.

नेमकं_काय:
जमिनीत वायर पुरलेली यंत्रणा आहे का? लॉक एका चाकाला की दोन? सगळ्या ट्रॉल्या अडकतात की ठरावीकच? रोज त्याच जागी अडकतात का? एवढं कळल्याशिवाय कोणी काही सांगितलं तरी तो अंदाजच राहील.

घाईत_आहे:
वायरच असणार ना, सगळीकडे तीच असते. पुढच्या एका चाकाला लॉक. सगळ्या अडकतात. चाकं बदलायची की नाही एवढंच सांगा.

साखळीवाला:
हे इलेक्ट्रॉनिक प्रकरण काढून टाका आणि नाण्याचं कुलूप लावा. मी आठ वर्षं ट्रॉल्या गोळा करण्याचं काम केलंय. नाणं घातलं की साखळी सुटते, ट्रॉली परत रांगेत लावून साखळी अडकवली की नाणं हातात. बॅटरी नाही, वायर नाही. आल्डी या जर्मन सुपरमार्केट कंपनीची दुकानं कित्येक वर्षं याच पद्धतीवर चालतात आणि मैदानात एक ट्रॉली इकडेतिकडे दिसत नाही.

दोन_ओळी:
साखळीवाला, ट्रॉली जागेवर परत येणं वेगळं आणि चोरी थांबणं वेगळं. ज्याला ट्रॉली न्यायचीच आहे त्याच्यासाठी ते नाणं म्हणजे ट्रॉलीची किंमत, तीही फार स्वस्त. शिवाय नाणं बदललं की कुलूपही बदला. २०१७ मध्ये ब्रिटनने एक पौंडाचं गोल नाणं बंद करून बारा कडांचं आणलं, तेव्हा तिथल्या दुकानांना ट्रॉल्यांच्या कुलपांवर खर्च करावा लागला होता.

साखळीवाला:
खर्च एकदाच होतो. इथे तीन आठवड्यांत अकरा गेल्या, त्याचं काय? आणि सगळेच चोर नसतात. बरेच जण बस थांब्यापर्यंत नेतात आणि तिथेच सोडून देतात. त्या लोकांना नाणं परत आणतं, हे मी रोज डोळ्यांनी पाहिलंय.

अंगणवेल:
मला साखळीवाल्यांचं शेवटचं वाक्य महत्त्वाचं वाटतं. ज्याच्याकडे गाडी नाही त्याने दोन हातांत चार पिशव्या कशा न्यायच्या? आमच्या ओळखीच्या एका दुकानाने घरी नेण्याच्या दोन चाकी कापडी ट्रॉल्या दाराशीच विकायला ठेवल्या आणि घरपोच सेवाही सुरू केली. त्यानंतर ट्रॉल्या जाणं बरंच कमी झालं. आधी माणूस ट्रॉली का नेतो ते बघा, मग कुलूप शोधा.

नेमकं_काय:
अंगणवेल, मुद्दा पटतो, पण त्याने दारात अडकणारी ट्रॉली सुटणार नाही. घाईत_आहे, मागच्या फाटकातून ट्रॉल्या कशा नेतात? लॉक फक्त पुढच्या चाकाला असेल तर दांडा खाली दाबून पुढचा भाग उचलायचा आणि मागच्या दोन चाकांवर ढकलत न्यायचं, ही जुनी युक्ती आहे. कॅमेऱ्यात बघितलंत का?

घाईत_आहे:
बघितलं. कोणी उचलत नाही. चारही चाकांवर आरामात ढकलत नेतात, हद्दीच्या पिवळ्या पट्ट्यावरून, जणू लॉक नाहीच.

बिलाची_पावती:
आमच्याकडे पैसे न देता भरलेली ट्रॉली घेऊन सरळ बाहेर पळायचे. त्यावर अशी चाकं मिळतात की ट्रॉली बिलाच्या काउंटरवरून गेलेली नसेल तर दारातच लॉक होते. माल वाचवायचा असेल तर ती बघा, मी खात्रीने सांगेन.

घाईत_आहे:
माल नाही हो जात, ट्रॉल्या जातात! बिल भरलेल्या ट्रॉल्या अडकतायत.

लोखंडी_खांब:
सर्वांत खात्रीचा उपाय: दारासमोर एकमेकांत ट्रॉलीच्या रुंदीपेक्षा कमी अंतर ठेवून खांब. माणूस जातो, ट्रॉली जात नाही. नाहीतर ट्रॉलीलाच दारापेक्षा उंच दांडा लावा, म्हणजे ती इमारतीबाहेर पडणारच नाही.

अंगणवेल:
खांब नकोत, कळकळीने सांगते. माझी आई व्हीलचेअरवर असते. अशा खांबांपाशी आम्ही दोघी उभ्या राहायचो आणि कोणीतरी बाजूचं दार उघडेपर्यंत वाट बघायचो. बाळाची गाडी घेऊन येणाऱ्यांचे हालही तेच. ट्रॉली अडवताना माणूस अडवू नका.

लोखंडी_खांब:
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. बाजूला रुंद फाटक ठेवून माणूस बसवता येईल, पण मग खर्च आलाच.

ओळीतली_ट्रॉली:
थोडं विषयांतर करतो, पण साखळीच्या कुलपाशी याचा संबंध आहे. चाकांवरची खरेदीची गाडी ओक्लाहोमा सिटीतले दुकानदार सिल्व्हन गोल्डमन यांनी १९३७ मध्ये आणली. ती घडीच्या खुर्चीसारखी होती, टोपल्या काढून दुमडून ठेवायची. एकीत एक सरकणारी ट्रॉली ऑर्ला वॉटसन यांनी १९४६ मध्ये तयार केली. मागची जाळी वर उचलली जाते म्हणून मागून येणारी ट्रॉली आत शिरते. ट्रॉल्या अशा खेटून उभ्या राहतात म्हणूनच एकीची साखळी दुसरीच्या कुलपात पोचते.

जुना_वायरमन:
घाईत_आहे, चाकं बदलू नका. सगळ्या ट्रॉल्या एकाच जागी अडकतात आणि सगळ्या एकाच फाटकातून सुटतात, मग दोष चाकांचा नाही, वायरीचा आहे. तीन आठवड्यांपूर्वी मैदानात कुठे खणलं होतं का?

घाईत_आहे:
हो, पावसाच्या पाण्याचा पाइप टाकला. मागच्या कोपऱ्यापासून दारासमोरून. पण त्याचा काय संबंध? तेव्हा वायर तुटली होती ती पाइपवाल्यांच्याच माणसाने लगेच जोडून दिली. वायरीत सिग्नल सोडणाऱ्या पेटीवर हिरवा दिवा आहे.

नेमकं_काय:
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं!

जुना_वायरमन:
आता नीट ऐका. पेटीतून निघालेली वायर हद्दीवरून, दोन्ही फाटकांखालून फिरून पेटीत परत येते. तिच्यात कमी वारंवारतेचा सिग्नल असतो, बऱ्याच यंत्रणांत आठ किलोहर्ट्झच्या आसपास. चाकातल्या रिसीव्हरला तो मिळाला की ब्रेक लागतो. पेटीपासून हद्दीपर्यंत जाणारी आणि येणारी वायर एकमेकींना पीळ देऊन नेतात. दोघींतला प्रवाह उलट्या दिशांचा, त्यामुळे एकीचा परिणाम दुसरी पुसून टाकते आणि त्यावरून ट्रॉली गेली तरी चाकाला काही जाणवत नाही. एकेरी वायर टाकली की ती जागाच हद्द होते.

माझा अंदाज असा: वायर मागच्या कोपऱ्यात तुटली. जोडणाऱ्याने जुनं टोक शोधलं नाही. नव्या चरातूनच एकेरी वायर दारासमोरून पेटीत आणली. फेरा पूर्ण झाला म्हणून दिवा हिरवा. पण मागचं फाटक फेऱ्याबाहेर राहिलं आणि दार फेऱ्यावर आलं.

तपासायला यंत्र लागत नाही. दुकान बंद झाल्यावर एक रिकामी ट्रॉली घ्या, हळू ढकला, जिथे अडकेल तिथे खडूने खूण करा, रिमोटने सोडवा, थोडं बाजूला सरकून पुन्हा. वीसेक खुणा झाल्या की वायर कुठून जाते ते जमिनीवर दिसेल.

साखळीवाला:
तोवर मागचं फाटक कुलूप लावून बंद ठेवा.

अंगणवेल:
आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असेल तर? कुलूप नको. माणूस उभा करा.

घाईत_आहे:
रात्री केलं. सव्वीस खुणा. सगळ्या नव्या काँक्रीटच्या पट्टीवर, दारासमोर सरळ रेषेत. मागच्या फाटकाच्या पिवळ्या पट्ट्यावर एकही नाही, सात वेळा ट्रॉली आरपार गेली. जुना_वायरमन, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही. चाकांची ऑर्डर आज सकाळी देणार होतो. मागच्या फाटकावर माणूस बसवलाय. पुढे काय करू?

जुना_वायरमन:
पेटी बंद करा, दारातला त्रास लगेच थांबेल. मग फाटकाखालच्या जुन्या वायरीची दोन्ही टोकं शोधून मल्टिमीटरने बघा, ती मध्ये अखंड आहे का. असेल तर मूळ मार्गाने जोडायची, दारासमोरची एकेरी वायर काढायची. सांध्यात पाणी जाता कामा नये, नाहीतर पावसाळ्यात हाच त्रास पुन्हा.

घाईत_आहे:
पेटी बंद केली. एक टोक कोपऱ्यातल्या चेंबरमध्ये सापडलं, टेप गुंडाळलेलं. दुसरं नव्या काँक्रीटखाली गेलंय असं दिसतं. पाइपवाल्यांना फोन केलाय, उद्या सकाळी फोडायला येतायत.