नवीन पीसीसाठी एसएमपीएस कुठला घेऊ? दुकानदार कॅबिनेटबरोबरच '६०० वॅट' देतोय

तासगावचा_एडिटर

नमस्कार मंडळी. मी तासगावजवळ एका गावात राहतो, लग्नाचं शूटिंग, एडिटिंग, अल्बम असं सगळं घरूनच चालतं. आता नवीन डेस्कटॉप जोडतोय, रायझेन ५ ७६०० प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० ग्राफिक कार्ड, ३२ जीबी रॅम, एक एनव्हीएमई एसएसडी आणि फुटेज ठेवायला दोन मोठ्या हार्डडिस्क. सगळं ठरलंय, फक्त एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, गाडी अडलीय. सांगलीतला दुकानदार म्हणतो कॅबिनेटबरोबर ६०० वॅटचा एसएमपीएस येतोच, वेगळा कशाला घेता, आणि कंपनीचा पाहिजे असेल तर चार-साडेचार हजार वर जातील.

मला भीती का वाटते ते सांगतो. आधीच्या पीसीत पण असाच कॅबिनेटबरोबर आलेला होता. दोन वर्षांपूर्वी ऐन सीझनमध्ये रात्री लाईट गेली, दहा मिनिटांनी आली आणि टप् करून आवाज झाला, खोलीभर जळका वास. बोर्ड गेला आणि एक हार्डडिस्क पण गेली. त्या डिस्कवर एका घरातल्या हळदीचं सगळं फुटेज होतं. नवरीचा भाऊ फौजेत, सुट्टी मिळाली नाही म्हणून फक्त हळदीला येऊन पहाटे परत गेला होता, लग्नाच्या फोटोत तो कुठंच नाही. मी त्यांचे सगळे पैसे परत केले पण त्याच्या आईला काय सांगायचं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

तर प्रश्न असे की किती वॅटचा घेऊ, ब्राँझ घेऊ का गोल्ड, आणि आमच्याकडं संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज १८० वर येतं तर स्टॅबिलायझर लावावा का? जुना ६०० व्हीएचा यूपीएस आहे तो चालेल का?

कुपवाडचा_रिपेरवाला

भावा, कॅबिनेटबरोबरचा तो डबा घेऊच नकोस. मी रोज हेच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एसएमपीएसच्या वर मोठ्या अक्षरात जो आकडा असतो तो बघायचाच नाही. बाजूच्या स्टिकरवर एक तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघायचं, कारण आजकाल प्रोसेसर, ग्राफिक कार्ड, पंखे, हार्डडिस्कची मोटार सगळं १२ व्होल्टवरच चालतं. आत्ता माझ्या टेबलावर एक पडलाय, वर ६०० लिहिलंय आणि तक्त्यात १२ व्होल्टला १६ अँपिअर. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट झाले. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनवर दाखवून आकडा फुगवलेला असतो, त्या लाइन तुझ्या मशीनला फारशा लागतच नाहीत. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर हाच आकडा ४५ अँपिअर असतो, म्हणजे ५४० वॅट, जवळजवळ सगळी ताकद १२ व्होल्टवर.

आता तुझा हिशोब. ७६०० हा कागदावर ६५ वॅटचा असला तरी पूर्ण लोडला ८८ वॅटपर्यंत घेतो, ४०६० चे ११५, बोर्ड, रॅम, पंखे, डिस्क मिळून चाळीस-पन्नास धर. अडीचशेच्या आसपास गेलं. त्यात मोठी हार्डडिस्क सुरू होताना क्षणभर १२ व्होल्टवर दोन-दोन अँपिअर ओढते आणि तुझ्याकडं दोन आहेत. १९२ वॅटच्या डब्यावर पहिल्याच एक्स्पोर्टला मशीन बसेल. एनव्हिडियाने स्वतः ४०६० साठी ५५० वॅट सांगितलाय, तेवढा भरपूर आहे. पण पाच-सहाशे रुपयांचाच फरक असेल तर ६५० घे, तुमच्या धंद्यात तीन-चार वर्षांनी कार्ड बदलतंच आणि ४०७० सारख्या कार्डाला कंपनी ६५० च सांगते. ८५०, १००० च्या नादाला लागू नकोस.

टेबलावरचा तो डबा उघडून ठेवलाय, बघून वाईट वाटतं. लाईट जिथून आत येते तिथं बोर्डावर एल१ असं छापलंय, तिथं तांब्याच्या तारेची गुंडाळी पाहिजे, त्याऐवजी दोन साध्या तारा सोल्डर करून टाकल्यात. शेजारी एक गोल चकती असायला पाहिजे, रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा लहान, निळी नाहीतर पिवळी असते, तिला एमओव्ही म्हणतात, लाईट येताना जो झटका येतो तो ती अंगावर घेते. तिची जागा रिकामी, नुसती दोन भोकं. कपॅसिटरवर ८५ डिग्री छापलंय आणि तीन डोक्यावर फुगलेत, चांगल्या मालात १०५ डिग्रीचे असतात. तुझ्याकडं लाईट आल्यावर टप् झालं ते असंच असणार, झटका आत शिरला, आतला ट्रान्झिस्टर गेला, आणि जाता जाता १२ च्या जागी जास्त व्होल्ट पुढं सोडले. चांगल्या एसएमपीएसमध्ये व्होल्टेज ठरल्यापेक्षा वर गेलं की तो स्वतःला बंद करतो, तो मरतो पण बोर्ड आणि डिस्क वाचवतो. चार हजार रुपये त्याचे असतात.

ब्राँझ-गोल्ड म्हणजे फक्त लाईट किती वाया जाते त्याचा शिक्का, माल किती टिकेल याचा नाही. तुझ्या लोडला रोज आठ तास धरले तर दोन्हीत महिन्याला तीन-चार युनिटचा फरक. म्हणून ब्राँझ घे पण ओळखीच्या कंपनीचा आणि पाच वर्षं वॉरंटीचा घे. गोल्ड घेणारा सात-दहा वर्षांच्या वॉरंटीसाठी घेतो, ते पण बरोबरच आहे, पैसे असतील तर.

आणि उत्सुकता म्हणून सुद्धा जुना एसएमपीएस घरी उघडू नकोस. वायर काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट बसून राहतात.

मिरज_लॅब

मी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबला आहे, ३० मशीन सांभाळते, त्यामुळं व्होल्टेजचं मी सांगते.

दादा, स्टॅबिलायझरची गरज नाही, पण एक अट आहे. स्टिकरवर इनपुट १००-२४० व्होल्ट असं लिहिलेलं पाहिजे. ब्रँडेडमध्ये पण काही स्वस्त मॉडेल २००-२४० ची येतात, ती शहरात चालून जातात, तुमच्या १८० वर नाही चालणार. बॉक्स हातात घेऊन वाचा, दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. १००-२४० वाल्यात ॲक्टिव्ह पीएफसी असतं, ते व्होल्टेज खाली आलं की जास्त करंट घेऊन आतलं काम भागवतं. मागं लाल रंगाचं ११५/२३० चं बटण असेल तर तो जुन्या पद्धतीचा, तो नकोच.

यूपीएसचं म्हणाल तर ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅटच. तुमचं मशीन अडीचशे, मॉनिटर तीस, वर एसएमपीएसमध्ये वाया जाणारं वेगळं. एक्स्पोर्ट चालू असताना लाईट गेली आणि बॅटरी जुनी असली तर सेव्ह करायला पण वेळ मिळायचा नाही. १००० व्हीएचा घ्या, जमलं तर प्युअर साइन वेव्हचा, कारण स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की सपाट पायऱ्यांसारखी लाईट देतो आणि काही ॲक्टिव्ह पीएफसीवाले एसएमपीएस त्याच क्षणी बंद पडतात. लाईट जाणं आणि यूपीएसने उचलणं यात दहा मिलिसेकंदापर्यंत जातात, चांगला एसएमपीएस पूर्ण लोडवर सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. आमच्या लॅबला जुने डबे होते तेव्हा लाईट गेली की यूपीएस असून सुद्धा निम्मी मशीन रीस्टार्ट व्हायची, पोरांचा पेपर चालू असताना एकदा झालं, दोन मुली रडल्या. एसएमपीएस बदलले, यूपीएस तेच ठेवले, आणि ते थांबलं.

घरी इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण यूपीएस मोडला ठेवा.

वायरमन_विश्रामबाग

पोरा, एसएमपीएस नंतर घे, आधी मला सांग, जुन्या पीसीच्या कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या यायच्या का? अनवाणी असताना, मागच्या स्क्रूला बोट लागलं की?

तासगावचा_एडिटर

हो काका, यायच्या. आई तर फडक्यानं पुसताना पण चप्पल घालूनच पुसायची. मला वाटायचं कॉम्प्युटरला असतंच ते.

वायरमन_विश्रामबाग

असतंच कसं म्हणतोस बाळा, ते अर्थिंग नसल्याचं लक्षण आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरमध्ये दोन बारीक कपॅसिटर असतात, एक फेजपासून अर्थला, एक न्यूट्रलपासून अर्थला. अर्थिंग जाग्यावर असेल तर जो काही थोडा करंट असतो तो जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेट मधेच लोंबकळतं, ११५ व्होल्टच्या आसपास, आणि टेस्टर लावला की मंद पेटतो. करंट अगदी थोडा म्हणून माणूस वाचतो, पण झटका आला तर त्याला जायला वाट नाही, मग तो तुझ्या डिस्कमधूनच वाट काढणार. नवीन चार हजाराचा घेतलास तरी त्याचा झटका जिरवायचा बंदोबस्त अर्थिंगशिवाय अर्धाच.

मल्टीमीटर घे. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल बघ, फेज-अर्थ बघ, दोन्ही जवळजवळ सारखे यायला पाहिजेत. मग न्यूट्रल-अर्थ बघ, दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर बरं. आपल्याकडं काळी जमीन, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि माती पाइपला सोडते, तेव्हा अर्थिंग नावालाच राहतं. खड्ड्यात कोळसा-मीठ घातलेलं असलं तरी पाणी घालावं लागतं. बऱ्याच ठिकाणी मी पाइपची क्लॅम्पच गंजून गळून पडलेली बघितलीय.

आणि कुणी तुला सांगितलं की सॉकेटमध्येच न्यूट्रलची वायर अर्थला जोडून टाक, झिणझिण्या बंद होतात, तर अजिबात करू नकोस. ज्या दिवशी न्यूट्रल कुठं तुटेल त्या दिवशी अख्खं कॅबिनेट फेजवर येईल. आई पुसते म्हणतोस म्हणून जोर देऊन सांगतोय.

वळवाच्या दिवसात वीज कडाडायला लागली की पिन बाहेर, नुसतं बटण बंद नाही. इंटरनेटची वायर तांब्याची असेल तर ती पण काढ.

इंजि_थर्ड_इयर

एक राहिलं. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता-लावता येतात असा एसएमपीएस घेतलास तर त्याच्याबरोबर आलेल्याच केबल वापर, जुन्या एसएमपीएसच्या बसतात म्हणून लावू नकोस. डिस्ककडचं टोक सगळीकडं सारखं असतं पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या पिनला किती व्होल्ट ते प्रत्येक कंपनीचं वेगळं, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचं पण वेगळं. आमच्या रूमवर एकानं अशी केबल लावली आणि दोन एसएसडी बटण दाबल्या दाबल्या गेल्या.

नावं पाहिजेत तर कोर्सेअर सीएक्स, कूलर मास्टर एमडब्ल्यूई ब्राँझ, एमएसआय ए६५०बीएन, डीपकूल पीके यातलं जे मिळेल ते, फक्त मिरज_लॅब ताईंनी सांगितलं तसं इनपुट व्होल्टेज वाचून घे. बिलावर सीरियल नंबर लिहून घे, वॉरंटीला लागतो.

तासगावचा_एडिटर

सगळ्यांचे मनापासून आभार, आठ दिवस उत्तर दिलं नाही कारण काकांनी सांगितलेलंच करत होतो. न्यूट्रल-अर्थ मोजलं तर ४१ व्होल्ट आले! घरामागं खड्डा उकरला, क्लॅम्प खरंच गळून पडली होती, वायर नुसती मातीत. गावातल्या वायरमनकडून नवीन पाइप, नवीन क्लॅम्प, कोळसा-मीठ सगळं करून घेतलं, आता दीड व्होल्ट येतंय. आईला अनवाणी उभं करून जुन्या कॅबिनेटला हात लावायला सांगितला, आधी तयारच नव्हती.

६५० वॅटचा ब्राँझ आणला, स्टिकरवर १२ व्होल्टला ५४ अँपिअर, इनपुट १००-२४०. काल संध्याकाळी १८२ व्होल्टवर दीड तासाचं एक्स्पोर्ट टाकलं, काही झालं नाही. यूपीएस पुढच्या महिन्यात.

कुपवाडचा_रिपेरवाला

झकास काम केलंस. आता मला एक सांग, ती गेलेली हार्डडिस्क टाकून दिलीस का ठेवलीस? आणि लावली की फिरायची नाही का टकटक करायची?

तासगावचा_एडिटर

ठेवलीय, कपाटात साड्यांच्या खाली. फिरतच नव्हती, एकदम मुकी. ती लावली की पीसी पण चालू व्हायचा नाही.

कुपवाडचा_रिपेरवाला

मग ऐक, आशा आहे. ती लावली की पीसी चालू होत नाही याचा अर्थ डिस्कच्या हिरव्या बोर्डावर कुठंतरी शॉर्ट आहे. तिथं पॉवरच्या कनेक्टरजवळ दोन छोटे काळे डायोड असतात, टीव्हीएस डायोड, एक १२ व्होल्टचा, एक ५ चा. जास्त व्होल्ट आले की ते स्वतः शॉर्ट होऊन मरतात आणि आतला डेटा वाचवतात. बऱ्याच डिस्कमध्ये तेवढंच झालेलं असतं, शॉर्ट झालेला डायोड काढला की डिस्क फिरते. आतल्या तबकड्यांना काहीच झालेलं नसतं. बोर्डच जळला असेल तर काम मोठं आहे, नुसता दुसऱ्या डिस्कचा बोर्ड लावून चालत नाही, त्यावरची रॉमची चिप पण बदलावी लागते, पण ते बघितल्यावर कळेल. खात्री देत नाही.

तू स्वतः काही करू नकोस, कुणाला डिस्क उघडू तर अजिबात देऊ नकोस. डायोड काढल्यावर त्या डिस्कला कसलंच संरक्षण राहत नाही, एकदाच चालवायची आणि लगेच सगळं कॉपी करून घ्यायचं. रविवारी सकाळी ये. येताना तुझा नवीन एसएमपीएस आण आणि तेवढ्याच साइजची एक रिकामी हार्डडिस्क.

तासगावचा_एडिटर

रविवारी नऊला येतो दादा. त्यांच्या घरी अजून काही सांगत नाही.