इसेन्शियल ऑइल आणि बादलीतली अंघोळ: कसं जमवता?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. लव्हेंडर आणि गवती चहाचं इसेन्शियल ऑइल घरात आलंय, रात्रीच्या अंघोळीला वापरायचंय. पण जिथे पाहावं तिथे टबाचाच हिशेब! आमच्याकडे आपली बादली आणि तांब्या. ही तेलं पाण्यात विरघळत नाहीत, वर तरंगतात. म्हणजे पहिल्याच तांब्यात सगळा अर्क अंगावर, आणि कातडी चुरचुरायची भीती. मीठ घाला म्हणणारे बरेच भेटले, पण मिठाने तेल कुठलं विरघळायला?

त्यापेक्षा चमचाभर, म्हणजे १५ मिली खोबरेलात ३ थेंब मिसळून आधी अंगाला चोळावं आणि मग अंघोळ करावी, हे पटतं. अभ्यंगच की! फक्त लादी निसरडी होते आणि सासूबाईंचे गुडघे आधीच दुखरे. बिनवासाच्या लिक्विड सोपमध्ये मिसळून कुणी वापरतं का? वास टिकतो?

आणखी एक. घरात दीड वर्षाचं बाळ आहे (म्हणून निलगिरी आणलीच नाही). त्याची अंघोळही त्याच बाथरूममध्ये असते. लहान मुलं असलेल्या घरांत तुम्ही हे कसं सांभाळता?